जुना रेडिओ : प्लग लावण्यापूर्वी

माळ्यावरचा जुना रेडिओ खाली काढला, धूळ झटकली, की घरातले कोणीतरी हटकून म्हणते, "लावून तर बघू, चालतोय का!" पुढच्या मिनिटाला प्लग भिंतीत जातो. सुरुवातीला काहीच होत नाही. मग आतून भरड गुणगुण ऐकू येते, मेण वितळल्यासारखा वास सुटतो आणि कधी कधी धूरही निघतो. तीस-चाळीस वर्षे उंदीर, झुरळे आणि पावसाळे सोसून जो संच बऱ्यापैकी शाबूत राहिला होता, तो एक-दोन मिनिटांत निकामी होतो. घरचे म्हणतात, "जुनाच होता, गेला!"

खरे तर त्या संचातले बहुतेक भाग तोपर्यंत धडधाकट होते. म्हातारे झाले होते ते मोजके दोन-तीन. ते कोणते, हे आधी पाहिले असते तर संच वाचला असता. जुने रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करण्याचे अर्धे शास्त्र या एका गोष्टीत आहे. कोणता भाग कशाने आणि का म्हातारा होतो, हे कळले की कामाचा क्रम आपोआप ठरतो. या लेखात आपण तो क्रम पाहू. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र दहावी-बारावीच्या पुस्तकांपलीकडचे नाही.

संच कोणत्या जातीचा?

उदाहरणासाठी लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ हे गाव घेऊ. परभणी येथून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर, हैदराबाद सुमारे २०० किलोमीटर, तर मुंबई ४०० किलोमीटरहून अधिक. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाची 'डेक्कन रेडिओ' ही स्वतःची नभोवाणी होती. १ एप्रिल १९५० रोजी ती आकाशवाणीत विलीन झाली. परभणीचे आकाशवाणी केंद्र १९६८ मध्ये सुरू झाले. त्याआधी इथल्या श्रोत्याला दूरच्या केंद्रांवर भिस्त ठेवावी लागे. म्हणून धाब्यावर दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये तांब्याच्या तारेचे एरियल ताणायचे आणि दुसरी तार ओल्या जमिनीत पुरायची, अशी रीत होती. आज एखाद्या वाड्याच्या भिंतीवर चिनी मातीची छोटी गुंडी अडकलेली दिसली, तर तिथे कधीकाळी एरियल होते असे समजायला हरकत नाही.

अशा गावातून आज जे संच निघतात ते तीन जातींचे असतात. पहिली जात कोरड्या बॅटरीवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या संचांची. वीज पोहोचली नव्हती तिथे हेच संच चालत. त्यांना ९० व्होल्ट आणि दीड व्होल्ट असे दोन दाब लागत. दुसरी जात घरच्या विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या संचांची. तिसरी जात ट्रान्झिस्टरची.

व्हॉल्व्हवर छापलेले पहिले अक्षर पाहिले तरी जात कळते. युरोपीय पद्धतीत 'डी' म्हणजे १.४ व्होल्टची तंतू-तार, अर्थात बॅटरीचा संच (डी.के. ९६, डी.एल. ९६). 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट, असा संच बहुधा ट्रान्सफॉर्मरचा असतो. 'यू' म्हणजे १०० मिलिअँपिअर प्रवाहावर मालिकेत जोडायचा व्हॉल्व्ह. हा संच बहुधा ट्रान्सफॉर्मरशिवायचा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून हे व्हॉल्व्ह देशात बनवायला सुरुवात केली.

संचाचे वय काढायलाही काही खुणा असतात. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना घ्यावा लागे. घरात ते परवान्याचे पुस्तक सापडले तर त्यावरच्या शिक्क्यांतून साल कळते. डायलवर केंद्रांची नावे छापलेली असली तर तीही बोलकी असतात. मात्र केंद्र नेमके त्या नावावरच लागेल असे नाही. नोव्हेंबर १९७८ मध्ये मध्यम लहरींवरील कंप्रतांची नवी वाटणी अमलात आली आणि केंद्रांमधले अंतर ९ किलोहर्ट्झ ठरले. त्यानंतरच्या कंप्रता पाहा : परभणी १३०५, हैदराबाद ७३८, मुंबई १०४४. या सगळ्या संख्यांना ९ ने निःशेष भाग जातो. जुन्या डायलवर काटा थोडा सरकलेला दिसला तर संचात दोष आहे असे मानण्याची घाई करू नये.

म्हातारपण येते ते कंडेन्सरला

व्हॉल्व्ह ही काचेत बंद केलेली निर्वात जागा आहे. वापरला नाही तर तो सहसा झिजत नाही. तांब्याची कॉइल, ट्रान्सफॉर्मरचे लोखंड, गँगच्या धातूच्या पाकळ्या याही दीर्घायुषी. रेझिस्टन्सची किंमत वर्षांगणिक थोडी वाढते, पण बऱ्याचदा चालून जाते. खरे म्हातारपण येते ते कंडेन्सरला, आणि त्यातही दोन प्रकारच्या.

पहिला प्रकार इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा. यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर त्याच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. हा थर म्हणजेच दोन पट्ट्यांमधले विद्युतरोधक. दर व्होल्टमागे त्याची जाडी साधारण १.४ नॅनोमीटर; म्हणजे ३५० व्होल्टच्या कंडेन्सरमध्ये सुमारे अर्धा मायक्रोमीटर. कंडेन्सर वापरात असतो तोवर विद्युतदाबामुळे थर टिकून राहतो, बारीकसारीक भेगा भरून निघतात. वर्षानुवर्षे दाब मिळाला नाही की थर कमजोर होतो आणि आतला द्रवही सुकतो. अशा कंडेन्सरवर एकदम ३०० व्होल्ट आले की त्यातून मोठा प्रवाह वाहतो, तो तापतो, फुगतो, प्रसंगी फुटतो. जाताना रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर यांनाही घेऊन जाऊ शकतो.

दुसरा प्रकार कागदी कंडेन्सरचा. धातूच्या वर्खाच्या दोन पट्ट्या, मध्ये कागद, सगळ्याची गुंडाळी आणि वरून मेणाचा किंवा डांबरी लेप. लेपाला बारीक चिरा गेल्या की हवेतली ओल कागदात शिरते आणि कागद थोडा थोडा वाहक होतो. त्याला दुकानात 'कंडेन्सर लीक झाला' म्हणतात. वीस-पंचवीस कंडेन्सरांपैकी एक जागा विशेष धोक्याची आहे : आवाज मोठा करणारा पहिला व्हॉल्व्ह आणि स्पीकर चालवणारा आउटपुट व्हॉल्व्ह यांच्या मधला कंडेन्सर.

त्याचे गणित सोपे आहे. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर समजा ८० व्होल्ट आहेत. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपासून चेसिसपर्यंत १ मेगओहमचा रेझिस्टन्स आहे. कंडेन्सर चांगला असेल तर त्यातून एकदिश प्रवाह जात नाही आणि ग्रिडवर शून्य व्होल्ट राहतात. आता कंडेन्सर लीक झाला आणि त्याचा रोध १५ मेगओहम झाला असे धरा. १५ आणि १ असे दोन रोध मालिकेत आले; ८० व्होल्टची वाटणी झाली आणि ग्रिडवर ८० ÷ १६ = ५ व्होल्ट धन दाब आला. आउटपुट व्हॉल्व्हचे ग्रिड कॅथोडच्या तुलनेत ऋण असेल तरच त्याचा प्रवाह आटोक्यात राहतो. पाच व्होल्टनी हा ऋण दाब कमी झाला की प्रवाह बेसुमार वाढतो, व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसासारखी बारीक तार जळते.

यात फसवणूक कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. १५ मेगओहमचा रोध साध्या काट्याच्या मल्टिमीटरवर मोजला तर काटा जवळजवळ हलतच नाही आणि आपण म्हणतो, कंडेन्सर ठीक आहे. शिवाय मीटर मोजतो ते दीड व्होल्टवर. ८० व्होल्टवर हाच कागद आणखी गळतो. म्हणून जाणते मेकॅनिक हा एक कंडेन्सर मोजत बसत नाहीत, प्लग लावण्यापूर्वीच बदलतात. काही रुपयांचा नवा भाग घातल्याने आज सहजी न मिळणारा ट्रान्सफॉर्मर वाचतो.

मालिकेतला दिवा

कंडेन्सर पाहून झाले, उंदराने कुरतडलेल्या वायरी बदलल्या, तरी थेट प्लग लावायचा नाही. संचाच्या मालिकेत एक तंतूचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, ६० वॅटचा दिवा जोडायचा. एल.ई.डी. दिवा इथे उपयोगाचा नाही, आणि त्याचे कारण विद्यार्थ्यांना विचारण्याजोगे आहे.

२३० व्होल्ट, ६० वॅट यावरून प्रवाह निघतो सुमारे ०.२६ अँपिअर आणि पेटलेल्या तंतूचा रोध सुमारे ८८० ओहम. पण थंड तंतूचा रोध याच्या साधारण दहाव्या हिश्शाहून कमी असतो. टंगस्टन तापले की त्याचा रोध वाढतो, हे आपण शिकवतो. इथे तोच गुण रखवालदाराचे काम करतो. संच नीट असेल आणि थोडाच प्रवाह ओढत असेल तर तंतू फारसा तापत नाही, त्याचा रोध कमी राहतो आणि बराचसा दाब संचाला मिळतो. संचात कुठे शॉर्ट असेल तर तंतू लखलखीत पेटतो, रोध वाढतो आणि प्रवाह ०.२६ अँपिअरच्या पुढे जाऊच शकत नाही. फ्यूज एकदा जळून काम संपवतो. दिवा मात्र काय चालले आहे ते सांगतही राहतो. सुरुवातीला प्रकाश आणि मग हळूहळू मंद, हे चांगले लक्षण. आधी मंद आणि मग वाढत जाणारा प्रकाश दिसला तर ताबडतोब बंद करावे. एखादा भाग तापून गळू लागला आहे.

मात्र हा दिवा संचाचे रक्षण करतो, माणसाचे नाही. ही गोष्ट वेगळ्या परिच्छेदात सांगण्याइतकी महत्त्वाची आहे.

चेसिसला हात लावण्यापूर्वी

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या 'यू' जातीच्या संचात विजेची एक तार सरळ धातूच्या चेसिसला जोडलेली असते. दोन टाचांचा प्लग कसाही लागतो. तो एका बाजूने लागला तर चेसिस न्यूट्रलवर असते, उलटा लागला तर तिच्यावर २३० व्होल्ट असतात. लाकडी खोके, मागचा पुठ्ठा आणि बॅकेलाइटची बटणे एवढेच काय ते संरक्षण. बटणांचे स्क्रू खोल बसवून कित्येक संचांत वरून मेण भरलेले असे, ते बोटाला स्क्रू लागू नये म्हणून. मेण पडलेले किंवा पुठ्ठा हरवलेला संच चालू ठेवणे धोक्याचे आहे.

अशा संचावर काम करायचे तर एकास एक गुणोत्तराचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. शिवाय बंद केलेल्या संचातही वीज साठून राहते. ३२ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर ३०० व्होल्ट असतील तर ½ × सी × व्ही² या सूत्राने त्यात सुमारे १.४ ज्यूल ऊर्जा असते. जोराचा झटका द्यायला ती पुरेशी आहे. प्लग काढल्यावर काही किलोओहमच्या रेझिस्टन्समधून कंडेन्सर रिकामा करावा, मीटरने खात्री करावी, मगच हात घालावा. शाळेत विद्यार्थ्यांच्या हाती विजेवरचा व्हॉल्व्हचा संच उघडा देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ९० व्होल्टची बॅटरी लागणारा संचही याच वर्गात धरावा. मुलांसाठी ६ किंवा ९ व्होल्टवर चालणारा ट्रान्झिस्टर उत्तम.

'यू' जातीच्या संचाकडून एक छान उदाहरण मात्र घेता येते. त्यातले पाच व्हॉल्व्ह गणपतीच्या आराशीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे मालिकेत असतात. त्यांच्या हीटरना अनुक्रमे १९, १२.६, १४, ४५ आणि ३८ व्होल्ट लागतात असे घ्या. बेरीज १२८.६. उरलेले १०१.४ व्होल्ट एका मोठ्या रेझिस्टन्सने खायचे. प्रवाह ०.१ अँपिअर, म्हणून रोध १,०१४ ओहम आणि उष्णता सुमारे १० वॅट. तो रेझिस्टन्स मागच्या झरोक्याजवळ का बसवलेला असतो, हे आता कळेल. एका व्हॉल्व्हचा हीटर तुटला की पाचही विझतात. तेव्हा 'सगळे व्हॉल्व्ह गेले' असे म्हणणाऱ्याला मालिका जोडणी समजलेली नाही.

दोष शोधण्याची रीत

संच सुरक्षितपणे चालू झाला, पण बोलत नाही. आता काय? इथे अंदाजाने एकेक भाग बदलत जाणे हा सर्वांत महागडा मार्ग. रेडिओ म्हणजे एकामागून एक उभ्या असलेल्या टप्प्यांची रांग आहे. एरियलने पकडलेली लहर पहिल्या टप्प्यात संचातल्याच एका आंदोलकाच्या लहरीत मिसळली जाते आणि दोहोंच्या फरकाएवढी, बहुतेक संचांत ४५५ किलोहर्ट्झच्या आसपासची, लहर तयार होते. तिचे वर्धन होते, तिच्यातून आवाज वेगळा काढला जातो, तो व्हॉल्यूम कंट्रोलमधून पुढे जातो, पुन्हा वर्धित होतो आणि स्पीकरपर्यंत पोहोचतो.

रांगेच्या मधोमध व्हॉल्यूम कंट्रोल आहे. ट्रान्झिस्टर चालू ठेवून, आवाज मोठा करून, त्याच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हरचे पाते लावा. स्पीकरमधून खरखर किंवा गुणगुण आली तर पुढचा अर्धा भाग ठीक, दोष मागच्या अर्ध्यात. आली नाही तर उलट. मग उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. आठ टप्पे असतील तर तीन चाचण्यांत दोषाचा टप्पा सापडतो, कारण २ चा तिसरा घात ८. डॉक्टरने ताप पाहून सगळीच औषधे एकदम देऊ नयेत, तसेच हे.

आंदोलक जिवंत आहे का, हे पाहायला दुसरा चालू ट्रान्झिस्टर हेच उपकरण पुरते. समजा चांगल्या संचावर १३०५ किलोहर्ट्झचे केंद्र लागले आहे. बिघडलेला संच त्याच्याजवळ ठेवून त्याचा काटा ८५० च्या आसपास सावकाश फिरवा. ८५० + ४५५ = १३०५; म्हणजे या जागी बिघडलेल्या संचाचा आंदोलक नेमका केंद्राच्या कंप्रतेवर येतो. दोन जवळच्या कंप्रतांची विस्पंदे होऊन चांगल्या संचातून शीळ ऐकू येते. शीळ आली की आंदोलक ठीक. आकाशवाणीचे कित्येक मध्यम लहरी प्रक्षेपक अलीकडच्या वर्षांत बंद झाले आहेत. आपल्या गावात दिवसा काही लागत नसेल तर हा प्रयोग अंधार पडल्यावर करावा. रात्री वातावरणाचा लहरी शोषणारा खालचा आयनांबरी थर जवळजवळ नाहीसा होतो आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रे येऊ लागतात.

ट्रान्झिस्टरच्या संचात दोन दोष नेहमीचे. एक, आत विसरलेले सेल फुटून पट्ट्या गंजणे. साध्या जस्त-कार्बन सेलमधला पाझर आम्लधर्मी असतो, तो खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने पुसावा. अल्कली सेलचा पाझर व्हिनेगरने. दुसरा दोष मोठा चमत्कारिक आहे. १९६० च्या दशकातले ए.एफ. ११४ ते ए.एफ. ११७ हे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर छोट्या धातूच्या डबीत असत. डबीच्या आतल्या कथलाच्या मुलाम्यातून केसाहून कितीतरी बारीक असे कथलाचे स्फटिकतंतू आपोआप वाढतात आणि कधीतरी आतल्या भागाला टेकतात. झाला शॉर्ट! अशा ट्रान्झिस्टरला चार तारा असतात. चौथी फक्त डबीची. ती कापली की पुष्कळदा संच बोलू लागतो. १९९८ मध्ये गॅलेक्सी ४ हा दळणवळण उपग्रह निकामी झाला, त्याचे कारणही असेच कथलाचे तंतू असल्याचे निदान झाले होते.

लाखेच्या तबकड्या आणि त्यांचे यंत्र

आता रेडिओच्या शेजारच्या रेकॉर्ड प्लेअरकडे वळू. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झाले; १९०८ मध्ये तिथे सियालदहला तबकड्या छापण्याचा कारखानाही निघाला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या तबकड्या लाखेच्या असत. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणाऱ्या किड्याने स्रवलेली राळ म्हणजे लाख. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबली जाई.

घटक कळले की स्वच्छतेचा नियम आपोआप कळतो. सुताराचे फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. म्हणून लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. खाचांमधले गाणेच विरघळेल. सौम्य साबणाचे थोडे पाणी, मऊ कापड, खाचांच्या दिशेने पुसणे आणि मधला कागद भिजू न देणे, एवढे पुरे. तबकड्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात आणि उष्णतेपासून दूर, कारण लाख तापली की मऊ होते.

सुईचेही असेच. ७८ च्या खाचेसाठी सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रोमीटर लागते. १९४८ नंतरच्या लाँग प्ले तबकडीसाठी सुमारे २५. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढवते. चावीच्या ग्रामोफोनचा जड साउंडबॉक्स लाँग प्ले तबकडीवर ठेवला तर ती एका वेळेतच खरवडून निघते. त्याची पोलादी सुई दर बाजूला नवी घालावी. चावीची स्प्रिंग असलेली डबी मात्र घरी उघडू नये. गुंडाळलेले पोलादी पाते सुटले तर हात कापू शकते.

विजेच्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये आवाज अगदी क्षीण येत असेल तर संशय सुईच्या वरच्या स्फटिकावर घ्यावा. बऱ्याच जुन्या पिक-अपमध्ये रोशेल क्षाराचा स्फटिक असे. दाबला की तो विद्युतदाब निर्माण करतो. हा सोडियम-पोटॅशियम टार्ट्रेट. त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे चार रेणू बांधलेले असतात. ५५ अंश सेल्सियसच्या सुमारास हे पाणी सुटू लागते आणि स्फटिक कायमचा निकामी होतो. मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर ठेवलेला प्लेअर काय सोसतो, याची कल्पना करावी. उन्हाने स्फटिक मारला, तर त्याच्या जागी आजचा सिरॅमिकचा पिक-अप बसवता येतो. मोटरीकडून तबकडीला फिरवणारे रबरी चाकही असेच कडक होते. मग ते घसरते आणि गाणे रेंगाळते.

वेग बरोबर आहे का, हे पाहण्याची रीत विद्यार्थ्यांना नक्की आवडेल. मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे सेकंदाला २०० अंश. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोक असलेली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. एका लुकलुकीत तबकडी बरोबर २ अंश फिरते. जाड कागदाच्या चकतीच्या कडेला कोनमापकाने दर २ अंशांवर एक, अशा १८० काळ्या रेघा काढा आणि चकती फिरवा. वेग अचूक असेल तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतील. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. ७८ फेऱ्यांसाठी ७७ आणि ४५ साठी १३३ रेघा का लागतात, हे गणित मुलांवर सोडावे.

काय बदलावे, काय ठेवावे

संच चालू करणे आणि जतन करणे यांत फरक आहे. आत नवी सर्किटची पट्टी बसवून जुन्या खोक्यातून आवाज काढणे सोपे आहे, पण तो जुना रेडिओ राहत नाही. जतनाचे तीन साधे नियम सांगता येतील. जो भाग धोकादायक किंवा निकामी आहे तेवढाच बदलावा. बदल असा करावा की उद्या तो उलटवता येईल. उदाहरणार्थ, जुन्या कंडेन्सरची नळी रिकामी करून तिच्या आत नवा छोटा कंडेन्सर बसवता येतो. आणि काय बदलले, कोणत्या तारखेला, हे कागदावर लिहून तो कागद खोक्यात चिकटवावा. पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा मोठा आधार होतो.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. १९९० मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. तिच्या कामात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. सुरेश चांदवणकर यांचा मोठा वाटा आहे. जुन्या तबकड्यांच्या याद्या करणे आणि त्यांच्याविषयी लिहिणे हे काम अशा संग्राहकांनी केले. कित्येक जुन्या गायकांचा आवाज आज केवळ घरोघरी उरलेल्या तबकड्यांतच आहे. ती तबकडी फुटली, किंवा ती वाजवता येणारे यंत्र राहिले नाही, की तो आवाज गेला. रेडिओच्या बाबतीत धोका आणखी वेगळा आहे. तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे रेडिओ दुरुस्त करणारे मेकॅनिक आज उतारवयात आहेत. त्यांचे ज्ञान बहुतेक लिहिलेले नाही. ते बोटांत आणि कानांत आहे.

शिक्षकांना इथे दोन गोष्टी करता येतील. पहिली : शाळेच्या अडगळीच्या खोलीत जुना रेडिओ, ग्रामोफोन किंवा ध्वनिवर्धक असेल तर त्याचे निर्लेखन होऊन तो भंगारात जाण्यापूर्वी जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद शोधावी. खरेदीचे साल, किंमत आणि बनावट तिथे मिळेल, आणि ती वस्तू प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवता येईल. दुसरी : गावातल्या जुन्या मेकॅनिकला एक दिवस वर्गात बोलवावे. त्यांनी एक बंद ट्रान्झिस्टर मुलांसमोर तपासावा आणि प्रत्येक पायरीला 'आता हे का पाहिले' एवढे सांगावे. मुलांनी ते वहीत उतरवावे : लक्षण, संशय, चाचणी, निष्कर्ष. विज्ञानाच्या पुस्तकात वैज्ञानिक पद्धतीचा जो धडा असतो, त्याचे इतके स्वच्छ प्रात्यक्षिक क्वचितच मिळते. आणि त्या वह्यांमध्ये आजवर कुठेच न लिहिलेल्या कितीतरी गोष्टी उतरतील.